भागीबाईचा चेहरा

गुरुवार, २४ नोव्हेंबर १९८३

मावशी आज चुकून बोलून गेली आणि मग तोंडात गुळणी धरून बसली.

शाळेतून आल्यावर तिच्या डोळ्यांत औषध घालत होते. ती खाटेवर आडवी, मी तिच्या डोक्याशी. थेंब पडला की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. तेवढा वेळ तिला स्वस्थ पडवत नाही, म्हणून मी काहीबाही सांगत असते. आज सहलीचं सांगितलं. यंदा सातवीची सहल गंगापूर धरणावर न नेता पुण्याला न्यायची, एका दिवसात जाऊन यायचं, गोवर्धनदास विद्यापीठाचं जुनं दगडी आवार बघायचं. तिथे दोन संग्रहालयं आहेत, एक मूर्तींचं आणि एक चित्रांचं.

"खडकीच्या अलीकडं हाय, त्येच का? मोठं घड्याळ हाय बघ मनोऱ्यावर."

"तुला कसं माहीत?"

"आता गं! तिथं तर भागी बसायची."

भागी म्हणजे माझी आई.

"बसायची म्हणजे?"

मावशीने मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. "लय झोंबतंय आज औषध," म्हणाली. पाच मिनिटांची पंधरा झाली तरी उठली नाही. मी पण उठले नाही.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

चहाच्या वेळी पुन्हा धरलं. आधी "काय न्हाय गं, असंच" झालं, मग "तुझ्या तात्यांनी शपथ घातली व्हती" झालं. तात्या म्हणजे माझे वडील. तात्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता कसली शपथ, म्हटलं. तेव्हा कुठे एवढं बाहेर आलं: तात्या खडकीच्या कारखान्यात होते, मी अंगावर पीत होते, तात्या आजारी पडून घरी बसले. तेव्हा आई थोडे दिवस विद्यापीठात चित्रं शिकणाऱ्या पोरांपुढे बसायला जायची. नुसतं बसायचं, हलायचं नाही. पोरं बघून काढायची.

"लोकं वंगाळ बोलायची. परक्या पोरांसमोर बसती म्हणून. म्हणून कुनी नाव काढत नाय त्याचं."

माझ्या आईचा एकही फोटो नाही. काढलाच नव्हता. ती गेली तेव्हा मी अडीच वर्षांची होते. मावशी पुण्याला आली, तिने मला उचललं आणि नाशिकला आणलं. दवाखान्यात आयाचं काम करून वाढवलं, शिकवलं, डी.एड. केलं. आमच्या भिंतीवर तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, मावशीचे यजमान आहेत. मध्ये एक जागा रिकामी आहे. लहानपणी मला वाटायचं, देवाधर्माच्या घरांत जसा देव्हारा असतो तशी आपल्यात रिकामी जागा असते.

आणि ही बाई सव्वीस वर्षं मला सांगत नाही, की तुझ्या आईची चित्रं काढलेली आहेत!

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती कुणाला सांगता येणार नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, गेलेली नजर येणार नाही आणि राहिलेली पावसाळ्यापर्यंत टिकली तर नशीब, असं म्हणाले. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा 'बिचारी मावशी' आलं नाही. आता आईचा चेहरा ओळखणारं कुणी राहणार नाही, हे आलं.

रविवार, ४ डिसेंबर

श्यामलाबाईंना सांगितलं. त्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात, सहलीची कल्पनाही त्यांचीच. रविवार कारंजावर त्यांच्या घरी पोहे खाता खाता सगळं ऐकलं आणि खाणं विसरल्या.

"अगं, अशी अभ्यासाची चित्रं ठेवतात हो! चांगली असतील ती फ्रेम करून लावतातसुद्धा. पण तू ओळखणार कशी?"

"ओळखीन."

"अशी कशी? बघितलेलं नाहीस. मावशीसारखी असेल म्हणा, सख्ख्या बहिणी त्या."

मला हसू आलं. मावशीचा चेहरा म्हणजे नुसत्या सुरकुत्या आणि हनुवटीवर तीन केस. तिच्यात मला आजवर मावशीशिवाय कुणी दिसलेलं नाही.

पण ओळखीची खूण माझ्यापाशी आहे, ती श्यामलाबाईंना माहीत नाही. आई-मावशी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्या, तेव्हा मी पोटात होते. आई सायखेड्याला माहेरी गेली आणि कुंकवाचा करंडा तिने गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्रात फेकून दिला. आजी रडली, गावातल्या बायका म्हणाल्या नवरा जिवंत आहे ना गं, हे काय करतेस? आई म्हणाली, नवरा आहे की, तो कुंकवावर जगत नाही. ही गोष्ट मावशीने मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी स्वतः काठावर उभी होते असं वाटतं. बऱ्याच जणी दीक्षेनंतरही लावत राहिल्या. आईने परत बोटसुद्धा टेकवलं नाही.

म्हणजे त्या सगळ्या कुंकू-नथवाल्या बायकांच्या चित्रांत एकच कपाळ कोरं असेल. तेवढं शोधायचं.

मंगळवार, ६ डिसेंबर

सकाळी पांढरी साडी नेसून विहारात. मेणबत्त्या लावल्या. गल्लीतली सुमनबाई तिच्या आईला हाताला धरून आली होती. त्या म्हातारीने दोनदा माझ्या पायावर पाय दिला तरी मला तिचा राग आला नाही, सुमनबाईचा आला.

रविवार, ११ डिसेंबर

सापडली!

कालच लिहिणार होते, पण घरी पोचायला मध्यरात्र झाली. आता नीट क्रमाने लिहिते.

पहाटे साडेचारला सीबीएसवरून एसटी. चौपन्न पोरं, चार शिक्षक. सिन्नरच्या घाटात पहिली उलटी, संगमनेरला दुसरी, मग मोजायचं सोडलं. नारायणगावला चहा. साडेदहाला विद्यापीठात.

काय आवार आहे! काळ्या दगडाच्या इमारती, कमानी, वडाच्या पारंब्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेल्या. पोरं पारंब्यांना लोंबकळायला लागली, त्यांना ओढून काढण्यात अर्धा तास गेला. वर मनोऱ्यावर घड्याळ होतं. मी मान वर करून बघत राहिले. आई याच घड्याळात बघून घरी जात असेल. तिला घड्याळ कळत होतं का? हेही मला माहीत नाही.

मूर्तींच्या संग्रहालयात पोरांनी नाकं नसलेल्या देवांना नावं ठेवली. मग चित्रांचं. लांबच लांब दालन, उंच खिडक्या, आणि दाराशी टेबलावर एक साठीचे गृहस्थ, चिंतामणराव, संग्रहालयाचे जुने कारकून. चपला बाहेर काढायला लावल्या. पोरांना माहिती देऊ लागले. वर्गात पोरं अर्धचंद्रासारखी बसायची, समोर चौथऱ्यावर बसणारी व्यक्ती. एकाच माणसाची तीस-तीस चित्रं व्हायची, आणि कोण कुठे बसलाय त्याप्रमाणे कुणाला सबंध चेहरा मिळायचा, कडेच्या पोराला नुसता गाल. त्यातली बरी तेवढी संस्थेने ठेवली.

मी ऐकत नव्हते, पुढे पळत होते. एकीला नथ. एकीला कुंकू, रुपयाएवढं. एक म्हातारा पागोटंवाला. कोळशाच्या एका चित्रात तर बाईची नुसती पाठच, पुढ्यात लहान मूल. आमच्या वर्गातली एक पोरगी तिथे थांबून म्हणाली, "बाई, हे बाळ बघा ना कसं खुदकन हसतंय!" मी म्हटलं चल गं पुढे. मला पाठी नको होत्या, चेहरे हवे होते.

आणि शेवटच्या खिडकीशेजारी ती. तेलरंगातलं चित्र. फिक्या साडीतली बाई समोर बघतेय. कपाळ कोरं. डोळे असे, की मी कुठे गेले होते म्हणून विचारतायत.

खाली पाटी होती: 'विधवा, १९५९'.

मी चिंतामणरावांना हाक मारली, जरा मोठ्याने मारली असावी, कारण पोरं गप्प झाली.

"ही पाटी चुकीची आहे," मी म्हटलं.

"कशावरून, बाई?"

"कपाळावर कुंकू नाही म्हणून तुम्ही विधवा लिहिलंत. आमच्यात लावत नाहीत. ही बौद्ध बाई आहे आणि तेव्हा तिचा नवरा चांगला जिवंत होता. ती माझी आई आहे."

ते उठून आले. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बाहेर काढतात. पण ते जाऊन जाडजूड नोंदवही घेऊन आले आणि पानं उलटून म्हणाले, "काढणाऱ्याचं नाव आहे, मार्कसुद्धा आहेत. बसणाऱ्याचं नाव नाही. बसणाऱ्यांची नावं आम्ही कधी लिहिलीच नाहीत हो."

"भागीबाई," मी म्हटलं. "भागीबाई लिहा."

त्यांनी पेन्सिलने लिहून घेतलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मला ते प्रश्नचिन्ह आवडलं नाही. फोटो काढायला परवानगी नाही, पण आमचा फोटोग्राफर काढून पाठवील, पत्ता द्या, म्हणाले. श्यामलाबाई माझा हात धरून उभ्या होत्या. मी रडले नाही. चौपन्न पोरांसमोर बाईने रडायचं नसतं.

मावशीला सांगितलं. "सापडली?" एवढंच म्हणाली. "कशी दिसती?" मी वर्णन केलं. ती ऐकत राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. फोटो येऊ दे, मग बघ, म्हटलं.

बुधवार, १४ डिसेंबर

आरशात बघितलं. नाक तिचंच आहे. भुवया थोड्या. हनुवटी तात्यांची.

सातवीतल्या पोरी कुजबुजत होत्या, बाईंची आई पुण्याच्या म्युझियममध्ये आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईबद्दल कुणी तरी वर्तमानकाळात बोललं.

रविवार, १८ डिसेंबर

भिंतीवर मधल्या जागी खिळा ठोकला. मावशी आतून म्हणाली, "कशाचा खिळा गं?"

"आईसाठी."

"बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "नीट ठोक. पडंल."

शुक्रवार, ३० डिसेंबर

पाकीट आलं. पोस्टकार्डाएवढा काळापांढरा फोटो, मागे चिंतामणरावांचं वळणदार अक्षर. शाळेतून येईपर्यंत सूर्य कलला होता. मावशीला भर उन्हातच थोडं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं, एका वेळी एवढासा तुकडा. उद्या सकाळपर्यंत थांबायचं. फोटो उशाशी.

शनिवार, ३१ डिसेंबर

वर्ष संपतंय आणि मी माझ्याच तोंडात मारून घ्यावी असं काही तरी बोलून बसले आहे.

सकाळी ओट्यावर ऊन आलं. मावशीला बसवलं, फोटो हातात दिला. तिने तो नाकाशी नेला, लांब धरला, तिरका धरला. कपाळ, डोळे, गाल, तोंड, असा तुकड्यातुकड्याने बघितला. मी तिचा श्वास मोजत होते.

"ही नाय."

"नीट बघ."

"बघितली. ही भागी नाय, पोरी. कुनी तरी दुसरी बाई हाय. भागीचं कपाळ आसं नव्हतं."

"तुला दिसत नाही नीट!"

"माझी भन हाय ती. मला दिसंल."

आणि मग मी बोलले. म्हणाले, "तुला ती नकोच आहे भिंतीवर. ती आली की तुझी जागा जाईल, म्हणून तू आंधळी होतेयस."

मावशीने फोटो माझ्या मांडीवर ठेवला, भिंत चाचपत आत गेली आणि तांदूळ निवडायला बसली. तिला खडे दिसत नाहीत. मी सगळं बघत ओट्यावर बसून राहिले आणि उठले नाही.

सोमवार, २ जानेवारी १९८४

दोन दिवस आम्ही फक्त "जेव" आणि "औषध" एवढंच बोललो. आज थेंब घातल्यावर, डोळे मिटूनच, तिने आपणहून सुरुवात केली. मी पहिल्यांदाच मध्ये बोलले नाही. तिच्याच शब्दांत लिहिते.

"तिथला मास्तर व्हता. त्याला मराठी बाई पाहिजे व्हती चित्रात. नऊवारी, नथ आन् कुंकू. नऊवारी तर ती नेसायचीच. नथ त्यांचीच व्हती, खोटी. ती घातली तिनं. पन कुंकवाची डबी फुडं केली तवा म्हनली, मी नाय लावनार. मास्तर म्हनला, चित्रापुरतं लाव, मग पूस. ती म्हनली, जे मी पान्यात टाकलं ते चित्रापुरतंबी नाय. मास्तर रागावला. म्हनला, मंग ह्या कपाळाचं मी काय करू? घरी जा. पैसं नाय मिळालं तर घरी काय शिजवायचं, म्हनून ती हलली नाय, तिथंच हुभी राह्यली. तवा तो म्हनला, बरं, भिंतीकडं तोंड करून बस. पाठ काढतील पोरं."

"आणि ती बसली?"

"चार दिवस बसली. तू पुढ्यात. मी तवा पुन्यालाच व्हते, तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं मला. म्हनली, गोजराक्का, माझं तोंड फुकट गेलं बघ. त्याच्यानंतर तिला बोलावलंच नाय कुनी. तिचं तोंड कुनी काढलंच नाय, पोरी. म्हनून म्या बोलले नाय इतकी वर्सं. नाय तिथं तू शोधत फिरली असतीस."

कोळशाचं चित्र. नुसती पाठ, पुढ्यात लहान मूल. चल गं पुढे.

मी तिच्यासमोरून चालत गेले. एक पोरगी मला थांबवत होती तरी मी चालत गेले.

"ओळखायची कशी?" मी विचारलं.

"डाव्या कानाची पाळी फाटलेली असंल. पार खालपत्तोर."

"कशाने?"

"ल्हानपणी," मावशी म्हणाली, आणि कूस बदलली.

मी तिची क्षमा मागितली. तोंडाने नाही मागता आली, तिचे पाय चेपले. तिला कळलं असावं, कारण "जोर नाय लावत तू," असं म्हणाली.

मंगळवार, १० जानेवारी

ही लिहायची गोष्ट नाही, पण लिहिते. मला ती हवी आहे. मी सव्वीस वर्षांची आहे, सत्तावन्न पोरांचा वर्ग सांभाळते, रेशनच्या रांगेत भांडते, आणि मला माझी आई हवी आहे. तिने मला रागवावं, वेणी घट्ट घालावी, शेजारणीशी माझ्याबद्दल तक्रार करावी. चेहरा मिळाला असता तर ही सगळी कामं त्या चेहऱ्याला करायला लावली असती. पाठीला काय करायला लावायचं?

एका बाजूने अभिमान वाटतो. दुसऱ्या बाजूने वाटतं, आई, एकदा लावलं असतंस. चित्रापुरतं. मला माहीत आहे हे लिहिणं बरोबर नाही. पुसत नाही.

शनिवार, २१ जानेवारी

काल रजा टाकून गेले. मावशीला घेऊन.

"मला काय दिसनार हाय तिथं?" म्हणत होती, पण पहाटे माझ्या आधी उठून, नवं लुगडं नेसून तयार बसली होती. एसटीत खिडकीशी बसवलं. सिन्नर कधी गेलं, संगमनेर कधी, प्रत्येक ठिकाणी मला सांगायला लावलं. खडकीजवळ आलो तेव्हा मीच तिला सांगायच्या आत म्हणाली, "आलं." घड्याळाचा टोला ऐकला होता तिने.

आवारात पोरं नव्हती, वडाखाली शांत होतं. मावशी एका पाराजवळ थांबली. "हितं मी बसले व्हते एक दिवस, तुझं लंगोट वाळवत," म्हणाली. आणि हाताने पार चाचपून बघितला.

चिंतामणरावांनी मला ओळखलं. लगबगीने उठले. "या, या. तुमच्या मातोश्रींची पाटी बदलून घेतली आम्ही." बघितलं, तर 'विधवा' जाऊन तिथे 'एक स्त्री' झालेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगितलं, की चूक माझी, ही माझी आई नाही.

"अरेच्चा. मग पूर्वीची पाटी लावू?"

"नको," मी म्हटलं. "असू दे. हिच्याबद्दल तरी आपल्याला कुठे काय माहीत आहे?"

ते हसले. मग मी त्यांना कोळशाच्या चित्रासमोर नेलं. खाली पाटी: 'पाठमोरी स्त्री व मूल, १९५८'.

मावशी चित्रापुढे उभी राहिली. खिडकी लांब, उजेड कमी. तिने मान अशी केली, तशी केली. "काळं-पांढरं दिसतंय," म्हणाली. "तू सांग."

मी सांगायला लागले. वर्गात फळ्यावरचं वाचून दाखवते तसं. मोठा अंबाडा आहे. मान लांब आहे, थोडी डावीकडे कललेली. पाठीवर पदर ओढून घेतलाय. बसलीय ताठ.

"ताठच बसायची. कान बघ."

चित्र काढणारा पोरगा अगदी डावीकडे कडेला बसला असणार, कारण डावा कान स्पष्ट दिसतो. मी जवळ गेले. कानाची पाळी मधून दुभंगलेली, खालपर्यंत. त्या पोराने तेवढंसुद्धा सोडलं नव्हतं. चेहरा मिळाला नाही म्हणून असेल, जे मिळालं ते सगळं त्याने काढलं होतं.

"फाटलेली आहे, मावशी."

मावशीने पदर तोंडावर धरला. मग म्हणाली, "म्याच फाडली. बाजरी राखत व्हतो. तिच्या कानात आईनं नवं डूल घातलं, माझ्या नाय. म्या वढलं. सात वर्सांची व्हती ती. रक्त निघालं, तरी घरी म्हनली काट्यात अडकलं. कधीच नाव घेतलं नाय माझं." मग एकदम, "म्हनून तुला आनली," म्हणाली. त्याचा आणि कानाचा काय संबंध, मला विचारायचं होतं, पण नाही विचारलं.

चिंतामणराव मागे उभे होते. एकदा चित्राकडे, एकदा मावशीच्या पाठीकडे बघत होते. हळूच मला म्हणाले, "मान अगदी तीच आहे हो." मी मान हलवली. माझं लक्ष चित्रात होतं.

"तोंड?" मावशीने विचारलं. "जरा तरी दिसतंय?"

"नाही. भिंतीकडे आहे."

"आन् पोरगी?"

पोरगी. तिच्याकडे मी तोवर बघितलंच नव्हतं. आईच्या पुढ्यात उभी आहे, दीड वर्षाची, जावळ उभं. एक मूठ आईच्या पदराला धरलेली. दंडाच्या वरून तिचा अख्खा चेहरा दिसतो. मान पूर्ण वर केलेली आहे आणि हसतेय, दोन दात दिसतायत. त्या मास्तराला, त्या तीस पोरांना, कुणाला जे दिसत नव्हतं ते तिला समोर, हातभर अंतरावर दिसत होतं.

"ती वर बघतेय, मावशी."

"कुठं वर?"

"आईकडे."

"तोंडाकडं?"

"हो. तोंडाकडे."

"मग झालं तर," मावशी म्हणाली. "तुला दिसलीया ती. चार दिवस दिसलीया."

तिथे मी रडले. चौपन्न पोरं नव्हती, कुणाची लाज नव्हती. चिंतामणरावांनी खुर्ची आणली ती माझ्यासाठी, पण बसली मावशी. नंतर त्यांनी नोंदवही आणली, विधवेपुढचं नाव खोडलं आणि या चित्रापुढे शाईने लिहिलं: भागीबाई, सायखेडे. मी म्हटलं मुलीचंही लिहा. त्यांनी विचारलं काय नाव? मी सांगितलं, विशाखा. या वेळी प्रश्नचिन्ह टाकलं नाही.

फोटो पाठवतील. खिळ्यावर तोच लावायचा. पाठ तर पाठ.

हे आज सकाळी लिहिते आहे. मघाशी औषधाची वेळ झाली. मावशी खाटेवर आडवी झाली, मी डोक्याशी बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं. खिडकीतून ऊन थेट तिच्यावर येत होतं. रोज धरते हे तोंड, दिवसातून दोनदा. आज हातात बाटली तशीच राहिली.

"पडला का थेंब?" मावशीने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं. "हलू नकोस. थांब, मला बघू दे."